अजून पाच हजार टाका

आमच्या नात्यागोत्यात मी संगणकतज्ज्ञ म्हणून ओळखला जातो. पुरावा म्हणून माझ्याकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने हा अभ्यासक्रम २००१च्या सुमारास सुरू केला, पुढे सरकारी नोकरीत तो सक्तीचा झाला आणि माझ्यासारख्या असंख्य कारकुनांनी साहेबाच्या आधी माउस हातात धरला. त्या प्रमाणपत्राची शाई आता फिकट झाली आहे. पण नातेवाईक तज्ज्ञ निवडताना शाई बघत नाहीत, फी बघतात. माझी फी एक कप चहा आहे.

नातेवाइकांचा फोन थेट मुद्द्यावर येतो.

“घरी कॉम्प्युटर घ्यायचाय. कोणता घेऊ?”

“कशासाठी हवाय?” मी विचारतो.

“कशासाठी म्हणजे? घरात एक असावा ना!”

मराठी घरात वस्तू दोन जातींच्या असतात. लागतात म्हणून आणलेल्या आणि ‘असावी घरात’ म्हणून आणलेल्या. शिडी, पुरणयंत्र, पाहुण्यांसाठीच्या गाद्या आणि पहिल्या खंडापुढे कुणी न उघडलेला ज्ञानकोशाचा संच ही दुसऱ्या जातीची मंडळी. कॉम्प्युटर हा त्यांच्यातला सगळ्यात खर्चिक सभासद. ‘गरज आणि बजेट पाहून कॉम्प्युटर निवडा’ असं सगळे शहाणे सांगतात. अडचण एवढीच, की गरज कुणी खरी सांगत नाही आणि बजेट कुणी पाळत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या साडूंचा फोन आला तो मात्र कारण घेऊन. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ऐन दिवाळीच्या तोंडावर. त्यांच्या जुन्या डेस्कटॉपने तेव्हापासून रोज सकाळी ‘हा संगणक विंडोज ११साठी पात्र नाही’ असं सुनवायला सुरुवात केली होती. साडूंनी ते मनाला लावून घेतलं होतं. “इतकी वर्षं सांभाळला, दर दसऱ्याला हार घातला, आणि मला म्हणतो पात्र नाही!”

मी समजावलं, की अपात्र तुम्ही नाही, यंत्र आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१७नंतरचा लागतो. शिवाय मार्ग आहेत. घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून मिळतात. तेही नको असेल तर लिनक्स मिंट टाका. हेच यंत्र आणखी काही वर्षं आरामात चालेल.

“लिनक्सला किती पडतील?”

“काही नाही. फुकट आहे.”

फुकट म्हटल्यावर साडूंचा त्यावरचा विश्वास उडाला. नवा घ्यायचा ठरलं.

आता गरज. रविवारी सगळं घर जमवून मी एकेकाला विचारलं. भाची यंदा अकरावी सायन्सला. तिला ‘प्रोजेक्ट्स आणि कोडिंग’साठी दणकट मशीन हवं होतं. आठवीतल्या भाच्याने ‘थ्रीडी डिझाइन’ असं सांगितलं आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. साडूंच्या पत्नी, म्हणजे ताई, सोसायटीच्या खजिनदार. त्यांना मेंटेनन्सचा हिशेब ठेवायचा होता, आणि त्याहीपेक्षा थकबाकीदारांची यादी रंगवून नोटीस बोर्डावर लावायची होती. साडूंना ‘वर्क फ्रॉम होम’ करायचं होतं. साडू बँकेत कॅश काउंटरला आहेत. लोकांच्या नोटा ते डोंबिवलीहून कशा मोजणार, हे मी विचारलं नाही. साडूंचे वडील, म्हणजे नाना, घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत. त्यांना त्यासाठी ‘मोठी मेमरी’ हवी होती. वृत्तांत सध्या पणजोबांच्या देशावर येण्यापर्यंत आला आहे.

या यादीला अनुसरून कॉम्प्युटर घ्यायचा तर इस्रोला पत्र लिहावं लागलं असतं. म्हणून मी माझी जुनी युक्ती केली. “गेल्या रविवारी या कॉम्प्युटरवर तुम्ही काय केलंत?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ब्राउझरची हिस्टरी उघडली.

घरात एकदम पोलीस चौकीची अवकळा आली. कोडिंगच्या भाचीने केसांच्या निगेचे व्हिडिओ पाहिले होते. थ्रीडी डिझाइनरने क्रिकेटच्या हायलाइट्स. वर्क फ्रॉम होमवाल्यांनी लोणावळ्यातल्या बंगल्यांचे भाव; बंगला घ्यायचा नाही, पण भाव कळलेला असावा. ताईंनी थकबाकीची यादी उघडली होती खरी, पण अक्षराचा रंग लाल ठेवावा की भगवा यात तासभर गेला होता. नानांनी ई-पेपर वाचला होता आणि त्यातल्या श्रद्धांजल्या दोनदा.

या सगळ्याला जुना डेस्कटॉपसुद्धा जास्त होता. पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये परम ८००० बनवला तेव्हा त्याची ताकद एक गिगाफ्लॉपच्या घरातली, म्हणजे सेकंदाला शंभर कोटींच्या आसपास आकडेमोडी, आणि देशाने त्याचा योग्य तो अभिमान बाळगला. आजचा साधा घरगुती लॅपटॉप त्याच्या कितीतरी पट मोजतो. ती सगळी ताकद खर्चून आपण ‘शुभ सकाळ’ लिहिलेला गुलाब उघडतो.

पण गरज विचारली की माणूस इच्छा सांगतो. खरं म्हणजे तो कॉम्प्युटर स्वतःसाठी घेतच नसतो. पुढच्या वर्षी पहाटे उठून पायथन शिकणारा, घरच्या व्हिडिओंचं संपादन करणारा, खर्चाचा हिशेब रोजच्या रोज लिहिणारा जो कुणी आपल्यात दडून बसला आहे, त्याच्यासाठी घेत असतो. तो गृहस्थ काही घरी राहायला येत नाही. बिल मात्र आपल्या नावावर फाटतं.

एकेकाची इच्छा बाजूला करून गरज काढली तेव्हा चित्र वेगळंच निघालं. ताईंच्या सोसायटीतले फ्लॅट शंभराच्या आत. तेवढ्या एक्सेलला गेल्या दहा वर्षांतलं कुठलंही यंत्र चालतं. शाळा-कॉलेजातल्या पायथनला स्वस्तातला लॅपटॉप पुरतो. पायथनला बुद्धी जास्त लागते, जी दुकानात बसवून मिळत नाही. महाग ग्राफिक्स कार्ड घरात सहसा तीनच जणांना खरोखर लागतं. मोठे गेम खेळणाऱ्याला, जड व्हिडिओ कापणाऱ्याला आणि इमारतींची, यंत्रांची त्रिमिती रेखाटनं करणाऱ्याला. त्यातला एक आमच्या भाच्यात होता, पण त्याची फी परवडणारी नव्हती.

नानांची गरज सगळ्यात खरी आणि सगळ्यात स्वस्त निघाली. त्यांनी कुलवृत्तांताची पहिली प्रकरणं कधीकाळी श्री-लिपीत टंकली होती. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली, की मूळ पुरुषाच्या नावाजागी कंस, डॉलरची चिन्हं आणि उद्गारवाचकं दिसतात. नाना ते पाहून हबकले होते. कुळाला कुणाचा तरी शाप आहे असं त्यांना वाटलं असावं. खरं तर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात, आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आधीपासून असतोच. त्याला मेमरी लागत नाही. त्यांना लागणार होता तो मोठा पडदा. पंधरा इंची लॅपटॉपवर वाकून वाकून नानांची मान मूळ पुरुषापर्यंत टिकली नसती.

“ते सगळं ठीक आहे,” साडू म्हणाले, “पण पुढचा विचार नको का?”

हा ‘पुढचा’ शब्द आपल्याला सोन्याने आणि जमिनीने शिकवला. आज घेऊन ठेवलं की उद्या वाढतं. कॉम्प्युटरचं उलटं. गॉर्डन मूर यांनी १९६५मध्ये म्हणून ठेवलं, की चिपवर मावणारे भाग दरवर्षी दुप्पट होतील. १९७५मध्ये त्यांनी ते दर दोन वर्षांवर आणलं. याचा घरगुती अर्थ असा, की भाचा चार-पाच वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल म्हणून आज महागडं यंत्र घेतलं, तर तो इंजिनिअरिंगला जाईपर्यंत ते यंत्र निवृत्तीला आलेलं असतं. आणि तो आर्ट्‌सला गेला तर तेवढंही नाही. जेव्हा लागेल तेव्हा घ्यावं, हे मी पटवत आणलं होतं. नेमक्या त्याच वेळी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून नेल्यामुळे २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव चढू लागले आणि ती बातमी साडूंनी वाचली. माझा मूर एका कात्रणात आडवा झाला. “बघा, मी म्हटलं नव्हतं? घेऊन ठेवावं!” त्या दिवशी साडूंनी रॅमकडे तोळ्याच्या हिशेबाने पाहायला सुरुवात केली.

आता बजेट. साडूंनी चाळीस हजार ठरवले होते. ठाम. चाळीसच्या वर एक रुपया नाही. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही मोबाइलवर शोधायला बसलो.

चाळीसला बरा लॅपटॉप होता. पण अजून पाच हजार टाकले की आय३च्या जागी आय५ येत होता. पंचेचाळीस. आता आय५ घेतोच आहोत तर आठ जीबी रॅमने त्याचा दम कोंडेल. अजून पाच हजार टाकले की सोळा. पन्नास. पन्नास देऊन प्लास्टिकची बॉडी? अजून पाच हजारांत धातूची. तिथून अंधारात चमकणारा कळफलक पाच हजारांवर आणि बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय त्याच्यापुढे. पासष्टला साडूंना घाम फुटला, पण बंगल्याच्या भावांची सवय असल्याने ते डगमगले नाहीत. सत्तरीनंतर ग्राफिक्स कार्ड दिसू लागलं आणि भाचा पहिल्यांदाच मोठ्या माणसांत येऊन बसला. तेवढ्यात साडूंच्या मेहुण्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, ‘एवढे घालताय तर थोडे टाकून मॅकच घ्या ना.’

या शिडीची गंमत अशी, की प्रत्येक पायरी शहाणपणाची असते आणि गच्ची वेडेपणाची. प्रत्येक वेळी पाच हजार मागच्या आकड्याच्या मानाने किरकोळ वाटतात. ‘अजून पाच हजार काढून घ्या’ असं कुठल्याही दुकानदाराने, मेहुण्याने किंवा जाहिरातीने आजवर म्हटलेलं नाही. आणि तिथे बिनव्याजी हप्त्यांचा कोपरा असतोच. महिन्याला किती पडेल हे सांगणारा आकडा मोठ्या अक्षरात, आणि किती महिने हे खाली मुंग्यांच्या अक्षरात.

प्रोसेसरचं नाव वाचणं ही स्वतंत्र विद्या आहे. आय३, आय५, आय७ या इयत्ता नव्हेत. पाचवी पास झालेला तिसरीवाल्याहून हुशार असतोच असं नाही. पुढचे आकडे वाचावे लागतात. ‘१२३५यू’मधले पहिले दोन, बारा, ही पिढी, शेवटचं ‘यू’ म्हणजे वीज कमी खाणारा, ‘एच’ म्हणजे जास्त खाऊन जास्त पळणारा. आठव्या पिढीचा जुना आय७ बाराव्या पिढीच्या आय३पुढे बऱ्याच कामांत धापा टाकतो. पण जुना आय७ घेतलेला माणूस लग्नसमारंभात छाती काढून चालतो. २०२३पासून इंटेलने नव्या चिपांच्या नावातला ‘आय’ गाळला आणि ‘कोअर अल्ट्रा’ आणलं, तेव्हा आमच्यासारख्या तज्ज्ञांना पुन्हा पहिलीत बसावं लागलं.

एएमडीच्या नावांत त्याहून मौज. ‘रायझन ५ ७५२०यू’ असं नाव पाहून साडू हरखले. सात हजारांची मालिका, नवी कोरी! त्या नावातला तिसरा आकडा दोन आहे आणि तोच खरं बोलतो. आतली रचना झेन २, जी २०१९मध्ये बाजारात आली. म्हणजे चिप २०२२ची, घडण जुनी. अशी चिप वाईट नसते. ई-पेपर आणि थकबाकीची यादी ती आनंदाने चालवते. फक्त तिचे पैसे नव्याचे देऊ नयेत, आणि तिसरा आकडा पाहिल्याशिवाय पेढे वाटू नयेत.

ऑनलाइन शोधून डोळे लाल झाल्यावर साडू म्हणाले, “प्रत्यक्ष हाताळून घेऊ.” प्रत्यक्ष हाताळणं म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोड. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरायचं. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने दुकान विचारलं तर दुकानदारच तुम्हाला लॅमिंग्टन रोडला पाठवतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या पाठीमागे मदरबोर्ड, केबल आणि ‘फायनल बोलो’ यांचं राज्य त्यांच्या नावावर चालेल, याची त्यांना कल्पना नसावी.

साडूंचा जुना जिव्हाळा डेस्कटॉपशी. त्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर पेंटियमच्या काळात आला तेव्हा त्याच्यासाठी सरकत्या फळीचं टेबल आधी आलं. मॉनिटरला, सीपीयूला, कळफलकाला प्लास्टिकची झबली होती. खोलीत चपला घालून जायला बंदी होती, कारण आत ‘व्हायरस’ जाईल. खंडेनवमीला सीपीयूला हळदकुंकू आणि मॉनिटरवर झेंडूचा हार. त्या दिवशी तो चालू करायचा नाही, शस्त्राला विश्रांती. एन्कार्टाची सीडी ज्ञानासाठी आणली होती. ज्ञान झालं ते रोड रॅशमधल्या मोटरसायकली कशा पळवायच्या, याचं.

दुकानदाराने डेस्कटॉपचं कोटेशन लिहायला घेतलं. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कॅबिनेट. बेरीज चाळिशीच्या आत आली आणि साडूंनी माझ्याकडे विजयाने पाहिलं. मग मी विचारत गेलो. मॉनिटर? तो वेगळा. कळफलक, माउस? वेगळे. वाय-फाय? या बोर्डावर नाही, डोंगल लागेल. कॅमेरा, स्पीकर? वेगळे. विंडोज? “ओरिजिनल पाहिजे?” दुकानदाराने असं विचारलं, की ओरिजिनल मागणारा गिऱ्हाईक त्याने पूर्वी एकदाच पाहिला असावा. मग यूपीएस. महावितरणला अजूनही एमएसईबी म्हणणाऱ्या पिढीला यूपीएस टाळता येत नाही, आणि त्याच्यातली बारा व्होल्टची शिशाची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलून मागते. लॅपटॉपात यातलं बहुतेक सगळं पोटात असतं. डेस्कटॉपची बाजू एकच, पण मोठी: बिघडला तर तेवढाच भाग बदलता येतो आणि रॅम हवी तेव्हा वाढवता येते. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डाला डाग देऊन चिकटवलेली असते. जेवढी घेतली तेवढी जन्मभर.

भाच्याने मधेच एक काचेचं कॅबिनेट निवडलं होतं. आत लाल, हिरवे, निळे दिवे फिरत होते.

“हे दिवे कशाला?” नानांनी विचारलं.

“कूलिंगसाठी, आजोबा.”

“दिव्यांनी गार होतं?”

दुकानदारही दोन क्षण विचारात पडला. दिव्यांचे पैसे वाचवून मी एक गोष्ट मात्र ठामपणे सांगितली. वीज पुरवणारी एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेली घेऊ नका. तिच्यावर छापलेले वॉट बहुधा छापण्यापुरतेच असतात, आणि ती जाताना एकटी जात नाही.

“बिलाचं लावू की बिनबिलाचं?” दुकानदाराने अखेर खरा प्रश्न विचारला. कॉम्प्युटरवर जीएसटी अठरा टक्के. साडूंच्या डोळ्यांत अठरा टक्के चमकले. पण बिल नाही तर वॉरंटी मागायला जाताना खिशात नुसती ओळख घेऊन जावं लागतं, आणि कंपनीचं सेवाकेंद्र ओळख देत नाही. शेवटी साडूंनी बिनबिलाचा भाव आणि बिलाचा कागद असा मधला मार्ग सुचवला. दुकानदाराने चहा मागवला.

रॅम म्हणजे काय, हे साडूंना आयुष्यभर कळलं नव्हतं. ताईंनी दोन वाक्यांत समजून घेतलं. “म्हणजे ओटा. माळ्यावर कितीही डबे असोत, ओटा लहान असला की एक पातेलं उतरवल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही.” एवढं नेमकं मला एमएस-सीआयटीतही कुणी सांगितलं नव्हतं. आठ जीबीचा ओटा एकट्यादुकट्याला भागतो. ब्राउझरचे वीस टॅब, एक मीटिंग आणि एक्सेल असा घरभर स्वयंपाक एकदम काढणाऱ्याला सोळा बरा. आणि साठवणीला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क न घेता एसएसडी घ्यावी, कारण साधी एनव्हीएमई एसएसडीसुद्धा वाचण्यात तिच्या दहापटींनी पुढे असते. जुन्या यंत्रालासुद्धा एसएसडी बसवली तर ते असं उठून बसतं, की नवं घेण्याचं कारणच हरवतं. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत.

एआयचा मुद्दा विक्रेत्याने शेवटी काढला. त्याने दाखवलेल्या एका लॅपटॉपच्या कळफलकावर एआयची खास कळ होती. २०२४पासून अशी कळ येऊ लागली आहे. ‘कोपायलट प्लस’ म्हणवून घ्यायचं तर यंत्रात सेकंदाला चाळीस लाख कोटी आकडेमोडी करणारा प्रोसेसरमधला एआयचा वेगळा भाग आणि किमान सोळा जीबी रॅम लागते. “ती कळ दाबली की काय होतं?” ताईंनी विचारलं. विक्रेत्याने दाबून दाखवली. एक चौकट उघडली आणि तिने ‘मी तुमची काय मदत करू?’ असं विचारलं. “एवढं विचारायला आमच्याकडे हे आहेत,” ताई साडूंकडे पाहून म्हणाल्या, “आणि तेही पुढे काही करत नाहीत.” तो लॅपटॉप तिथेच राहिला.

बारा पेठा फिरून ठरलं ते असं. बाराव्या पिढीनंतरचा आय३ असलेला लॅपटॉप. सोळा जीबी रॅम, त्यातली एक जागा पुढे वाढवायला मोकळी. ५१२ जीबी एसएसडी. आयपीएस पडदा, म्हणजे नानांनी बाजूने वाकून पाहिलं तरी पणजोबा काळे पडणार नाहीत. जोडीला चोवीस इंची मॉनिटर आणि साधा मोठ्या अक्षरांचा कळफलक, ते नानांचे. प्रिंटर ताईंना हवा होता, तो मी पाडला. स्वस्त इंकजेट प्रिंटर वापरला नाही की त्याची शाई वाळते, आणि नव्या काट्रिजांचा जोड घ्यायला गेलं की प्रिंटरच पुन्हा घेतल्याइतके पैसे पडतात. थकबाकीदारांची यादी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापली तर ती लागण्याआधी निम्म्या डोंबिवलीला कळते, ही जास्तीची सोय. ताईंना हे लगेच पटलं.

घरी येऊन यंत्र चालू केल्यावर साडूंचा आवाज चढला. डब्यावर ५१२ आणि पडद्यावर ४७६. “छत्तीस जीबी गेले कुठे?” ते तसेच लॅमिंग्टन रोडला निघाले होते. बनवणारा एक जीबी शंभर कोटी बाइटचा धरतो, विंडोज १०२४ तीनदा गुणून धरतं. माल तेवढाच, माप वेगळं. हे सांगूनही साडूंचं समाधान झालं नाही. कॅश काउंटरवर उभ्या जन्मात त्यांना मोजणीतला फरक ‘माप वेगळं’ म्हणून कुणी माफ केलेला नाही.

कितीला पडला, हे मात्र आता कुणालाच नक्की सांगता येत नाही. मेहुण्याला साडू दोन हजार कमी सांगतात, घासाघीस दिसावी म्हणून. ऑफिसात पाच हजार जास्त, दर्जा दिसावा म्हणून. नानांना अर्धीच किंमत सांगितली आहे, आणि तीही ऐकून ते रात्रभर झोपले नाहीत. नवा कॉम्प्युटर घेतल्यावर सहा महिने त्याचे भाव बघू नयेत, हा माझा एकमेव सल्ला साडूंनी आठवडाभरात मोडला. सेलमध्ये तोच नग तीन हजारांनी उतरला होता. त्या दिवशी त्यांनी जेवताना ताक घेतलं नाही.

जुन्या डेस्कटॉपवर भाचीने एका दुपारी लिनक्स मिंट चढवलं. तिच्या आयुष्यातलं पहिलं खरं संगणकाचं काम, आणि तेही फुकटातल्या यंत्रावर. आता ताईंची यादी त्याच्यावर होते, केसांचे व्हिडिओ त्याच्यावर चालतात, क्रिकेट त्याच्यावर आणि लोणावळाही त्याच्यावर. नानांनी नवा चोवीस इंची मॉनिटर त्यालाच जोडून घेतला आणि कुलवृत्तांत आजोबांच्या मुंजीपर्यंत आणला. नवा लॅपटॉप साडूंच्या कपाटात आहे. नवा आहे ना, खराब व्हायला नको. पडद्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नाही. तरी साडू गाफील राहणारे नव्हेत. विक्रेत्याच्या आग्रहाखातर त्यांनी अजून पाच हजार टाकून अपघाती पडझडीची वॉरंटी वाढवून घेतली आहे. कपाट पडलं तर लॅपटॉपला संरक्षण आहे.